मेक्सिकोच्या डोंगरातील गांजाचे बी

या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला त्या संध्याकाळी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांला रस्त्यात गाठले. "काय हो, वसंतोत्सवात आता गांजावर बोलणार की काय?" असा त्यांचा सवाल. आम्ही नम्रपणे म्हणालो, "दादासाहेब, बोलायचे आहे ते बियाण्यावर. गांजा हे निमित्त." त्यांचे समाधान झाले नसावे, पण आज ते सभागृहात आले होते, एवढे येथे नमूद करतो.

गावरान वाण म्हणजे काय, हे आपल्याला जोंधळ्यावरून कळते. पीक काढण्याआधी घरची जाणती बाई शेतातून हिंडते, भरलेली कणसे हेरते, ती वेगळी बांधून ठेवते. हेच पिढ्यान्‌पिढ्या चालले म्हणजे त्या गावची माती, तिथला पाऊस आणि तिथल्या माणसांची आवड ही तिन्ही त्या बियात उतरतात. असा वाण म्हणजे एकाच छापाची झाडे नव्हेत. एका कुळातील माणसे जशी नाकाडोळ्यांनी सारखी, पण उंचीने, स्वभावाने निरनिराळी, तसा तो एक गोतावळाच असतो. मेक्सिकोच्या डोंगरात भांगेच्या झाडाचे असे गोतावळे होते. ते कसे झाले व कसे विस्कटले, ही आजची हकीकत.

हे झाड मेक्सिकोचे नव्हे. ते तेथे गेले ते सरकारी हुकमाने. आपल्याकडे ताग व अंबाडी जे काम करतात, ते युरोपात या झाडाची साल करीत असे. जहाजाचे दोर आणि शिडे तिच्या धाग्यांची. ज्या राज्याचे वैभव गलबतांवर तरंगते, त्याला दोरांची चिंता असणारच. म्हणून 1545 साली स्पेनच्या राजाने अमेरिकेतील आपल्या अधिकाऱ्यांना फर्मावले की, तिकडे जवस आणि हे झाड लावण्यास लोकांना उत्तेजन द्यावे. हुकूम निघाला, पीक मात्र कधी फारसे फोफावले नाही. तेथल्या लोकांपाशी दोरासाठी घायपात होतेच. (आपल्या बांधांवरचे घायपात मूळचे तिकडचेच आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.) राजाला हवा असलेला धागा राहिला बाजूला, आणि झाड परसातून, बांधावरून हळूहळू वैदूंच्या हाती गेले.

याचा पहिला चांगला साक्षीदार म्हणजे होसे आन्तोनिओ अल्साते. धर्माने पाद्री, वृत्तीने शास्त्रज्ञ. इंडियन लोक 'पिपिल्त्सिन्त्सिन्त्ली' नावाची एक वस्तू सेवन करतात आणि तिच्या योगाने त्यांना सैतान भेटतो, असा बोभाटा होता. चर्चने तिला बंदीही केली होती. अल्साते यांनी ती वस्तू मिळवली. पाहतात तो त्यात बिया आणि सुकी पाने. बिया पेरून पाहिल्या, तर उगवले ते राजाच्या हुकमातले झाड! 1772 साली त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केले, आणि सैतानाचा यात संबंध नाही, गुण झाडाचा आहे, असे प्रतिपादन केले. ते नाव मूळचे दुसऱ्याच एखाद्या वनस्पतीचे असावे असे काही पंडित म्हणतात. असेलही. पण ज्या काळी लोक सैतान शोधत होते, त्या काळी एका माणसाने कुंडीत बी पेरून पाहिले, याचे आम्हांला फार कौतुक वाटते.

दोरासाठी आलेले झाड मादक कसे झाले? युरोपातील धाग्याच्या जातीत नशा जवळजवळ नसते. केवळ उन्हाने ती आली, हे आम्हांला पटत नाही. दुसऱ्या कोठल्या तरी बियाची भर पडली असावी. 1565 पासून 1815 पर्यंत मनिलाहून अकापुल्कोला गलबते येत. त्यांतून आशियातील बी आले, असा तर्क मोहक आहे. परंतु कागद हाती नसता तर्काला तर्कच म्हणावे. 1846 च्या मेक्सिकन औषधकोशात 'मारिग्वाना' हे नाव छापलेले आहे, एवढे पक्के. पुढे तुरुंग आणि सैनिकांच्या बराकी यांच्याशी ते नाव जोडले गेले, आणि मार्च 1920 मध्ये सरकारने 'वंशाचा ऱ्हास करणारे' पदार्थ म्हणून त्याची लागवड व व्यापार बंद केला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा मारिग्वाना कायदा 1937 चा; म्हणजे बंदी शेजाऱ्याने लादली, हा समज खरा नाही. ज्या झाडाची लागवड करा असे एका राज्याने सांगितले, तेच दुसऱ्याने उपटले.

झाड मग डोंगरात शिरले. गेरेरो, ओआहाका, मिचोआकान, सिनालोआ या प्रांतांच्या दऱ्यांत, मक्याच्या आडोशाने ते वाढू लागले. अकापुल्को आणि आपली रत्नागिरी जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. पाऊसही साधारण जून ते ऑक्टोबर. अशा ठिकाणी दिवस-रात्रीत फार फरक पडत नाही, म्हणून तिथली झाडे उंच, चिंचोळ्या पानांची आणि फुलायला फार वेळ घेणारी झाली. 1960 नंतर उत्तरेकडून मागणी वाढली तेव्हा 'अकापुल्को गोल्ड' अशी भारदस्त नावे पडली. ती व्यापाऱ्यांनी दिलेली. शेतकऱ्याच्या लेखी ते फक्त घरचे बी.

पुढे 'सिनसेमिया', म्हणजे बिनबियांचा, माल नावारूपास आला. नर झाडे वेळीच उपटली की मादी झाडांना बी धरत नाही आणि राळ वाढते. ही युक्ती आपल्याकडे जुनीच. 1893-94 च्या भारतीय गांजा-भांग चौकशी आयोगाने सात खंडांत ही सारी शेती नोंदली आहे. त्यात बंगालमधील 'पोद्दार' शेतात फिरून नर झाडे कसे ओळखी, हे आहे. अहमदनगर, सातारा भागांतील लागवडही त्यात येते. परंतु बी नको म्हणणाऱ्या बाजारात बी राखणारा माणूस तोट्यात असतो.

खरा घाव 1975 च्या अखेरीस बसला. अमेरिकेच्या मदतीने मेक्सिकोने हेलिकॉप्टरांतून या शेतांवर पॅराक्वाट हे तणनाशक फवारण्यास सुरुवात केली. हे औषध उन्हात काम करते. म्हणून शेतकरी फवारणी होताच पीक कापून झाकून ठेवीत आणि तोच माल विकीत. अर्धवट कापलेल्या पिकाचे बी कसले धरणार? मागणी कोलंबियाकडे वळली, आणि कित्येक दऱ्यांतले वाण तेथेच संपले.

मग उरले काय? गंमत अशी की, जुन्या मालात बिया भरपूर असत. ओढणाऱ्यांनी निवडून टाकलेल्या त्या बिया कॅलिफोर्नियात पेरल्या गेल्या, अफगाणिस्तानच्या बुटक्या, लवकर फुलणाऱ्या झाडांशी त्यांचा संकर झाला, आणि तेच संकरित बी आता मेक्सिकोच्या डोंगरात परत आले आहे. या झाडाचे पराग वाऱ्याने कोसच्या कोस जातात. एका शेतात संकरित नर फुलला, तर पलीकडच्या दरीतल्या म्हातारीचे घरचे बी एका हंगामात बाटते. आपल्याकडे 1966 साली 18,000 टन मेक्सिकन गव्हाचे बियाणे आले तेव्हा खपली व बन्सी मागे पडले. पण ते बी निदान वेगळे राखता आले, कारण गहू परक्या परागावर अवलंबून नसतो.

राखावे तरी कसे? पाच-दहा झाडांनी वाण टिकत नाही. गोतावळा टिकवायला पुष्कळ नर आणि पुष्कळ मादी झाडे हवीत, इतरांपासून दूर हवीत, आणि बी कोरडे, थंड, अंधारात ठेवून काही वर्षांनी पुन्हा पेरायला हवे. मेक्सिकोतच टेस्कोकोजवळ 1966 साली स्थापन झालेली सिमिट ही संस्था मक्याचे हजारो गावरान नमुने याच रीतीने जतन करते. मक्याला कायद्याचे अभय आहे. या झाडाला नव्हते. म्हणून उघड्या शेतात, शेकडो झाडांनी, नावगाव लिहून ते कोणी राखले नाही. राखले ते काही छंदिष्टांनी, डब्यांतून, परदेशांत.

28 जून 2021 रोजी मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढ माणसाला स्वतःपुरते पीक घेण्यावरील बंदी घटनाविरोधी ठरवली. त्यासाठी परवाना मागता येतो. विक्रीला मात्र मुभा मिळाली नाही. शहरातला हौशी माणूस गच्चीवर चार झाडे लावील, तीही बहुधा विकतच्या संकरित बियांची. ज्या शेतकऱ्यापाशी आजाचे बी मडक्यात उरले आहे, त्याचे पोट विक्रीवर. आणि त्याचे शेत अजून कायद्याबाहेरच आहे.