घंटेचा नाद व बाजाराचा गलबला



आपल्यातील काही उत्साही तरुणांनी ज्युबिलीनिमित्त अशी सूचना केली आहे की, जत गावात मोटारींचा व बाजाराचा गलबला वाढल्यामुळे आपली घंटा कोणास ऐकू येत नाही, सबब तिच्या जागी ध्वनिवर्धक बसवावा. सूचना सद्‍हेतूची खरी; तथापि तीवर मत देण्यापूर्वी घंटांचा थोडा इतिहास निवेदन करितो.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. त्या मोहिमेत ख्रिस्तमंदिरांतील कित्येक घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आल्या व देवळांत टांगल्या गेल्या. आपल्या जवळची म्हणजे वाईनजीक मेणवलीस, नाना फडणविसांच्या घाटावरील. तीवर बालयेशूसह पवित्र मारियेची आकृती आहे. दुसरी नाशकास, १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या देवळापाशी.

सेमिनरीत असता मी ही नाशिकची घंटा पाहावयास गेलो होतो. पंचवटीतील ती गर्दी काय वर्णावी! धुण्याची आपटाआपट, भाजीवाल्यांच्या आरोळ्या, रिक्षांचे भोंगे, मंत्रपठण. प्रथम सारा एकच कोलाहल वाटला. पायरीवर अर्धा तास निमूट बसलो, तेव्हा एकेक आवाज सुटा होऊ लागला. दूर कोठे तांब्याच्या भांड्यावर पडणारी हातोडीही कानी आली. घंटा त्या दिवशी वाजली नाही. पण ऐकावे कसे, हे मी तिच्याखालीच शिकलो. (सेमिनरीतील तर्कशास्त्राचे तास आता फारसे आठवत नाहीत, हेही कबूल करितो.)

घंटेच्या धातूत साधारण चार भाग तांबे व एक भाग कथिल असते. कथिलाने धातू ठिसूळ होतो, परंतु त्यानेच नाद लांबतो. टोल्याचा ठणका क्षणात विरतो; त्याखालचा खर्ज घुमत राहतो. गलबल्यात ठणका हरवला, तरी खर्ज पुष्कळदा उरतो. १४५६ साली तुर्कांनी बेलग्रेडला वेढा घातला असता पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी दुपारी घंटा वाजवून प्रार्थना करण्याची आज्ञा केली, तीही भर वर्दळीच्या प्रहरी.

गेल्या मार्गशीर्षात, यल्लम्मादेवीच्या यात्रेच्या दिवसांत, मी सायंकाळी मुद्दाम बाजारात जाऊन उभा राहिलो. खिलार बैलांच्या गळ्यांतील घुंगुरमाळा, मराठी-कानडीतील घासाघीस, एस. टी.चा भोंगा. सहाच्या सुमारास दूतवंदनेची आपली घंटा झाली. प्रथम मलाही काही कळले नाही. इतक्यात शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या भाजीवालीने तराजू खाली ठेविला व सुनेला कानडीत म्हणाली, "घंटा झाली, दिवा लावायची वेळ झाली, आवर आता." मग मी कान दिला, तो खर्ज अजून घुमत होता.

बाई आपल्या धर्मग्रामातली नव्हे.

घंटेचा दोर मात्र फारच झिजला आहे. ज्युबिलीच्या निधीतून प्रथम तो बदलावा, व ध्वनिवर्धकाचा विचार त्यानंतर करावा, अशी माझी विनंती आहे.