सभागृहात चेंबूर नसताना

नगरसेवकाच्या निवडणुकीत मते मागितली जातात ती गटार, पाणी, पायवाट आणि शौचालय यांवर, आणि तेवढ्यावरूनच शहाणीसुरती माणसे या निवडणुकीला हलके लेखतात. चेंबूरच्या कुठल्याही प्रभागात मतदानाआधी घरोघर पडणारा कार्यअहवाल उघडून पाहावा. अमुक चाळीत लादीकरण, तमुक गल्लीत मलवाहिनी बदलली, बालवाडीवर नवे पत्रे, समाजमंदिराला रंग, उद्यानात व्यायामाची साधने, आणि प्रत्येक कामाशेजारी नारळ फोडतानाचा फोटो. ज्या महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या पुढे गेला, तिच्या निवडणुकीत बोलणे लादीपाशीच का अडते, असा प्रश्न मग विचारला जातो आणि उत्तर बहुधा नगरसेवकाच्या कुवतीत शोधले जाते. मला ते चेंबूरच्या इतिहासात सापडते. चेंबूरला आजचे रूप ज्या निर्णयांनी दिले, त्यांतले बहुतेक चेंबूरचा माणूस सभागृहात नसताना झाले, नाहीतर त्या सभागृहाला बाजूला ठेवून झाले. निवडून आलेल्याच्या वाट्याला आली ती त्या निर्णयांची निस्तरानिस्तर. लादी आणि गटार हे त्या निस्तरण्याचेच नाव आहे.

सुरुवात कचऱ्यापासून करावी लागते. १८७२ च्या कायद्याने मुंबईला निवडून आलेली पालिका मिळाली. चौसष्ट सदस्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे, बाकीचे सरकारने नेमायचे आणि जस्टिस ऑफ द पीस म्हणवणाऱ्या प्रतिष्ठितांनी निवडायचे, अशी वाटणी होती. पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्डच्या बेबंद खर्चावर शहरातले करदाते चिडले होते, त्या चळवळीतून हे घडले. करदात्यांचे सभागृह आणि त्याला जबाबदार असा एक कार्यकारी अधिकारी, ही मांडणी तरुण फिरोजशहा मेहतांनी त्याच वादात केली. भारतातल्या नागरी स्वराज्याचा हा पाया आहे आणि त्याचा अभिमान बाळगावा असाच आहे. पण त्या स्वराज्याची हद्द माहीम-शीवपाशी संपत होती. चेंबूर तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातले खेडे होते. १८९६ मध्ये प्लेग आला, शहराला आपला कचरा दूर कुठेतरी न्यायचा होता, आणि पालिकेने देवनार-चेंबूरकडची शेकडो एकर दलदल विकत घेऊन तिकडे रेल्वेने कचरा पाठवायला सुरुवात केली. देवनार क्षेपणभूमीचे वय एरवी १९२७ पासून मोजतात. कचऱ्याची गाडी त्याच्या बरीच आधीची. कुर्ल्याहून चेंबूरला जाणाऱ्या रुळांवर आधी कचरा धावला, प्रवासी गाडी सुरू झाली ती १९२४ मध्ये. हा निर्णय ज्या सभागृहाने घेतला त्यात चेंबूरचा एकही सदस्य नव्हता, कारण चेंबूरला तिथे मतच नव्हते.

१५ एप्रिल १९५० रोजी पालिकेची हद्द उपनगरांवर पसरली आणि चेंबूर मुंबई महापालिकेत आले. १९४८ पासून प्रौढ मताधिकार होता, म्हणजे इथल्या कोळ्याला, गिरणी सोडून इकडे आलेल्या कामगाराला आणि चेंबूर कॅम्पातल्या सिंधी निर्वासिताला आता मत होते. मात्र मत मिळाले त्याच दशकात मोठे निर्णय आणखी वर सरकले. स्टॅनव्हॅकची रिफायनरी १९५४ मध्ये, बर्मा शेलची १९५५ मध्ये सुरू झाली. दोन्हींचे करार दिल्लीने केले होते. ट्रॉम्बेला अणुशक्तीचे केंद्र उभे राहिले, १९५६ मध्ये अप्सरा अणुभट्टी चालू झाली, १९६५ मध्ये खताचा कारखाना आला. घरे बांधली ती राज्याच्या गृहनिर्माण मंडळाने. टाऊनशिप कॉलनीचे टिळकनगर, स्टेशन कॉलनीचे सुभाषनगर आणि शेल कॉलनीचे सहकारनगर झाले ते नंतर. मानखुर्दजवळची जनता कॉलनी तर शहरातून उठवलेल्या माणसांसाठी पालिकेनेच वसवली होती. अणुकेंद्राला जागा हवी म्हणून आणीबाणीत, १९७६ च्या मे महिन्यात, ती पाडून हजारो कुटुंबे चित्ता कॅम्पात हलवली गेली. पालिकेने दिलेला पत्ता केंद्राच्या शब्दाने पुसला गेला, आणि नव्या जागेत नळ, शौचालय, रस्ता मागायला लोक पुन्हा नगरसेवकाच्याच दारात उभे राहिले.

त्या दारात काय होते, तेही जवळून पाहायला हवे. १८८८ च्या अधिनियमाने पालिकेची कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे ठेवली आहे, आणि आयुक्त राज्य सरकारचा. नगरसेवकाकडे प्रश्न, हरकतीचा मुद्दा आणि ठरावाची सूचना ही हत्यारे. ठरावाची सूचना सभागृहात एकमताने मंजूर झाली तरी ती आयुक्तांच्या अभिप्रायाला जाते, आणि महिनोन्‌महिन्यांनी उत्तर येते की सदर मागणी धोरणात बसत नाही. याउलट विभाग कार्यालयात जाऊन सहाय्यक आयुक्ताच्या टेबलासमोर बसले, तर पाण्याची वेळ अर्ध्या तासाने वाढवून घेता येते. चावीवाला वस्तीच्या वरच्या टोकाला आधी झडप उघडतो की खालच्या, याने टेकडीवरच्या चारशे घरांचा दिवस बदलतो. माणूस आपली ताकद जिथे चालते तिथे लावणार, हे उघड आहे. चेंबूरच्या वस्त्यांतून कार्यकर्ता म्हणून वर आलेले चंद्रकांत हंडोरे १९९२-९३ मध्ये मुंबईचे महापौर झाले. दलित चळवळीच्या दृष्टीने ती फार मोठी गोष्ट होती. पण महापौराच्या खुर्चीतूनही देवनारच्या कचऱ्याला लागणारी आग विझवता येत नव्हती, कारण ती खुर्ची सभा चालवते, पालिका चालवत नाही. तरी ही लहान कामे लहानच राहतात असेही नाही. गोरेगावात मृणाल गोरे १९६१ मध्ये नगरसेविका झाल्या त्या पाण्याच्या प्रश्नावर; ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनी दिले आणि त्याच नावाने त्या पुढे विधानसभेत आणि लोकसभेत गेल्या. नळावरच्या भांडणातून सत्तेचा हिशेब मागता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

यावर पहिला आक्षेप सरळ आणि वजनदार आहे. १९५० नंतर सत्तर वर्षे चेंबूरचे नगरसेवक सभागृहात होतेच की. मग देवनारचे डोंगर वाढत कसे गेले? सभागृहाच्या डोळ्यांदेखतच २००९ मध्ये क्षेपणभूमीसाठी खासगी कंपनीला पंचवीस वर्षांचे कंत्राट दिले गेले आणि पुढे ते गुंडाळावे लागले. प्रश्न विचारायचे त्या जागी चौक आणि रस्त्यांच्या नामकरणावर किती वेळ गेला, हे पालिकेच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या प्रजा फाउंडेशनचे अहवाल वर्षानुवर्षे दाखवत आले आहेत. हा दोष मी झाकणार नाही. सभागृहाने डोळे मिटले आणि त्याची किंमत इथल्या मुलांच्या फुप्फुसांनी मोजली. पण केवळ माणसे नालायक होती म्हणून हे झाले, असे म्हटले की खरे कारण निसटते. क्षेपणभूमी पालिकेच्या एम पूर्व विभागात आहे. धूर शेजारच्या एम पश्चिम विभागातही जातो. ज्याच्या मतदाराला खोकला होतो, त्या नगरसेवकाच्या प्रभागात ती जमीन नाही. ज्याच्या प्रभागाशी ती लागून आहे, त्याच्या मतदारांतले कितीतरी त्याच कचऱ्यातून काच-प्लास्टिक वेचून पोट भरतात. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात हा एम पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता. आणि २२७ जणांच्या सभागृहात बाकीच्या साऱ्यांची सोय अशी, की कचरा देवनारलाच जावा. बहुमताने चालणाऱ्या सभेत एका कोपऱ्याचे दुखणे असे हरते. म्हणूनच चेंबूरचे रहिवासी १९९० च्या दशकात धुराविरुद्ध उभे राहिले तेव्हा अखेर न्यायालयात गेले. २८ जानेवारी २०१६ ला देवनार पेटले, दिवसेंदिवस धुमसत राहिले, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. महिनाभरात उच्च न्यायालयाने मुंबईतल्या नव्या बांधकामांवर निर्बंध आणले, तेव्हा कुठे शहर जागे झाले. माहुलचेही तेच. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे रिफायनऱ्यांच्या कुशीतल्या इमारतींत आणून टाकली गेली, आणि तिथे आणखी कोणाला पाठवू नका हे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे, आणि मला तो अधिक धोक्याचा वाटतो: नगरसेवक नसले तरी काय बिघडले? ७ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली. प्रभागांची संख्या आणि ओबीसी आरक्षण यांच्या वादात निवडणूक लांबत गेली, आणि जवळजवळ चार वर्षे प्रशासकाने पालिका चालवली. रस्ते झाडले गेले, नळाला पाणी आले, अर्थसंकल्प मांडला गेला. खरे आहे. पण याच काळात देवनारबद्दलचा गेल्या कित्येक दशकांतला सर्वांत मोठा निर्णय झाला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये क्षेपणभूमीची १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचे राज्य सरकारने ठरवले. २०२५ मध्ये पालिकेने तिथला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा उपसण्यासाठी २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. हा कचरा हलवणे योग्य असेल, मीही तसेच म्हणेन. मात्र ज्या मातीत शंभर वर्षांचा कचरा मुरला आहे तिथे माणसे राहायला आणणे कितपत सुरक्षित आहे, उपसलेला माल कुठे जाणार, वेचकांच्या पोटाचे काय, आणि खर्च पालिकेच्या तिजोरीतून का, हे प्रश्न सभागृहात उभे राहून, नोंदीत जातील अशा रीतीने विचारणारा एकही निवडून आलेला माणूस तेव्हा पालिकेत नव्हता. पत्रकार परिषदा झाल्या, निवेदने दिली गेली. पण निवेदनाला पोच मिळते, सभागृहातल्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. प्लेगच्या काळात चेंबूरला मत नव्हते. या वेळी मत होते आणि ते वापरायची जागा बंद होती.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले आणि सभागृह पुन्हा भरले. महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्रसभेचा कायदा केला आहे. मतदारांच्या छोट्या गटांनी बसून आपल्या भागाची कामे ठरवायची आणि नगरसेवकाला तिथे हजर राहून हिशेब द्यायला लावायचा, हा त्याचा गाभा. तो आजवर कागदावरच आहे, आणि चेंबूरच्या दोन्ही विभागांतल्या नगरसेवकांनी पक्ष बाजूला ठेवून तो मागावा असे मला मनापासून वाटते, कारण धुराला प्रभागाची हद्द कळत नाही. त्याआधीचे काम, म्हणजे देवनारचे राहिलेले प्रश्न सभागृहात विचारणे, मात्र त्यांच्या हातात आजच आहे. कचरा उपसण्याच्या कामाला निविदेत तीन वर्षे दिली आहेत, म्हणजे ते याच सभागृहाच्या मुदतीत संपायचे आहे, आणि मुदतवाढ किंवा वाढीव खर्च मागायची वेळ आली तर तो प्रस्ताव स्थायी समितीच्या टेबलावर येईल.