उदक सोडताना

ब्रह्मदेशातल्या पगानच्या राजवाड्यात तू जपून पावलं टाकतोयस, कारण हातातली बुद्धमूर्ती सोन्याची आहे आणि सोनं जड असतं. साल 1112. बाहेर इरावतीकाठचं रखरखीत ऊन, आत पाल्याच्या काढ्याचा उग्र वास. 28 वर्षं राज्य केलेला तुझा बाप, क्यान्सिट्ठा, अंथरुणाला खिळलाय.

तुझं नावच राजकुमार. थट्टाच म्हणायची, कारण गादी तुझी नाही. बखरी सांगतात, आईचं बोट धरून तू दरबारात आलास तेव्हा फार उशीर झाला होता. आपल्याला मुलगा आहे हेच बापाला ठाऊक नव्हतं; लेकीला मुलगा झाला आणि त्यानं गादी नातवाला, अलौंगसिथूला, देऊन टाकली. राजाचा शब्द तो, फिरायचा कसा? आई वारली तेव्हा तिचे दागिने आणि दासांची तीन गावं मात्र तुला मिळाली.

तीच गावं तू आज या मूर्तीला वाहतोयस. बाप ऐकतो, खुलतो. ‘साधु, साधु!’ भिक्खू जमलेत. क्षीण हात कलंडतो, पाण्याची धार जमिनीवर पडते. दानाचं उदक. हक्कावर पाणी सोडणं हे आपल्या बोलण्यातलं; तू ते समोर बघतोयस. त्या तीन गावांतल्या माणसांना अर्थात कुणी विचारलेलं नाही.

मूर्तीसाठी तू सोनेरी कळसाचं मंदिर बांधतोस. जवळच मिंकाबा गावात चौकोनी खांब उभा राहतो. एका बाजूला पाली, मग मोन, बर्मी, प्यू, मजकूर एकच. ताज्या अक्षरांतली भुकटी तू बोटानं काढतोस. शेवटी शाप आहे: या दासांना छळेल त्याला मैत्रेय बुद्धाचं दर्शन न होवो. आपल्याकडे शिलाहारांच्या राज्यात गधेगाळीवर, म्हणजे शापाच्या शिळेवर, काय कोरत ते आठवलं, तर हा शाप फारच सभ्य.

प्यू वाचणारं पुढे कुणीच उरणार नाही. 1911 साली ब्लॅग्डेन नावाचा इंग्रज पंडित बाकीच्या तीन बाजू शेजारी ठेवून ती अक्षरं लावत बसेल, तेव्हा तुझं नाव त्याला वाट दाखवण्याच्या कामी येईल. अलौंगसिथूचं नाव त्या दगडावर नाही.