दीपनगरचा पुरातन प्रकाश

1906 साली खानदेशाचे विभाजन होऊन जो पूर्व खानदेश, म्हणजे आजचा जळगाव जिल्हा, अस्तित्वात आला, त्याचा महसूल तापीकाठच्या काळ्या जमिनीवर, आणि पर्यायाने सूर्यप्रकाशावर, अवलंबून होता. परंतु भुसावळनजीक दीपनगरात साठच्या दशकाअखेर उभे राहिलेले औष्णिक वीज केंद्रही त्याच सूर्याचे ऋणाईत आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

वनस्पतींचे प्राणवायू सोडण्याचे कार्य केवळ प्रकाशात चालते, हे इंगेनहाउस या डच वैद्याने 1779 साली दाखविले. आणि प्रकाशाचीच ऊर्जा वनस्पती रासायनिक रूपाने साठवितात, हा सिद्धान्त जर्मन वैद्य मायर याने 1845 साली मांडला. रावेर-यावलच्या केळीबागेतील रुंद पान उन्हाकडे धरून पाहावे: त्यातील हरितद्रव्य तांबडे व निळे किरण शोषून घेते, त्या बळावर पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू मुक्त होतो, आणि लाभलेल्या ऊर्जेने हवेतील कर्बवायूची शर्करा घडते, घडातील गोडी ती हीच.

सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वी गोंडवनातील ग्लॉसोप्टेरिस आदी वृक्षांनी याच रीतीने साठविलेली ऊर्जा, गाळाखाली दडपली जाऊन, मध्य भारतातील दगडी कोळशाच्या थरांत शिल्लक राहिली. दीपनगरच्या भट्ट्यांत कोळसा जळतो तेव्हा त्यातील कर्ब पुन्हा प्राणवायूशी संयोग पावतो, पाण्याची वाफ होते, आणि वाफेने चक्रे फिरतात.

कोट्यवधी वर्षांची ही ठेव आपण काही पिढ्यांतच खर्ची टाकीत आहोत, याचा चोख हिशेब ठेवणे हे ती वीज वापरणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य होय.