रासी इरॅस्मस : राखीव फळीचे बळ ओळखणारा प्रशिक्षक

सप्टेंबर २०१७ मध्ये न्यूझीलंडने दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचा ५७-० असा धुव्वा उडवला. आदल्या वर्षी इटलीसारख्या दुबळ्या संघाकडूनही हा संघ हरला होता. ‘स्प्रिंगबॉक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघाची प्रतिष्ठा लयाला गेली, असेच जाणकारांचे मत बनले होते. त्याच संघाने २०१९ व २०२३ असे सलग दोन विश्वचषक जिंकले. या परिवर्तनाचे शिल्पकार म्हणजे योहान ऊर्फ ‘रासी’ इरॅस्मस.

५ नोव्हेंबर १९७२ रोजी ईस्टर्न केप प्रांतातील डिस्पॅच या छोट्या गावात त्यांचा जन्म झाला. फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या कडेला राहून सुट्या चेंडूवर झडप घालणारा खेळाडू, ही त्यांची मैदानावरील जागा. १९९७ मध्ये ब्रिटिश लायन्सविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले. पुढे सलग १७ कसोटी जिंकणाऱ्या आणि १९९९ च्या विश्वचषकात तिसरे स्थान मिळवणाऱ्या संघातही ते होते. ३६ कसोटींनंतर दुखापतींनी त्यांची कारकीर्द आटोपती घ्यायला लावली.

प्रशिक्षक म्हणून पहिले यश लवकरच लाभले. २००५ मध्ये त्यांच्या फ्री स्टेट चीताज संघाने करी चषक जिंकला. या संघाने यापूर्वी १९७६ मध्ये तो जिंकला होता. स्टेडियमच्या छपरावर बसून रंगीत दिव्यांच्या खुणांनी खेळाडूंना डावपेच कळवण्याची त्यांची पद्धत तेव्हा चेष्टेचा विषय ठरली होती. २०१६ मध्ये ते आयर्लंडच्या मन्स्टर संघाकडे गेले. काही महिन्यांतच तेथील मुख्य प्रशिक्षक अँथनी फोली यांचे आकस्मिक निधन झाले. शोकाकुल संघाला सावरत इरॅस्मस यांनी युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत नेले.

२०१८ मध्ये स्प्रिंगबॉकची सूत्रे हाती घेताच त्यांनी सिया कोलिसी यांना कर्णधार नेमले. झ्वाइड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वाढलेले कोलिसी हे कसोटीत स्प्रिंगबॉकचे नेतृत्व करणारे पहिले कृष्णवर्णीय. वर्णद्वेषी राजवटीच्या काळात हा संघ गोऱ्यांच्या वर्चस्वाचे प्रतीक होता. १९९५ च्या विजेत्या संघात चेस्टर विल्यम्स हे एकमेव गौरेतर खेळाडू होते. संघात सर्व वर्णांना स्थान दिले तर दर्जा घसरेल, असा आक्षेप त्यानंतरही वर्षानुवर्षे घेतला जात होता. त्याचे उत्तर २०१९ च्या अंतिम सामन्यात योकोहामा येथे मिळाले. सुरुवातीच्या पंधरा जणांत सहा गौरेतर असलेल्या संघाने इंग्लंडला ३२-१२ असे नमवले. मकाझोले मापिंपी व चेस्लिन कोल्बी यांनी दोन्ही ‘ट्राय’ नोंदवले. त्या वर्षी जागतिक संघटनेने इरॅस्मस यांना सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरवले.

राखीव खेळाडूंचा वापर ही त्यांची खासियत. आठ राखीव खेळाडूंत साधारणतः पाच फॉरवर्ड व तीन बॅक असतात. इरॅस्मस यांनी सहा, तर प्रसंगी सात फॉरवर्ड ठेवले. प्रतिस्पर्धी दमत असताना ताज्या दमाची ही फळी एकदम मैदानात उतरते. ‘बॉम्ब स्क्वॉड’ या नावाने ती गाजली. दमलेल्या खेळाडूंना यातून इजा होऊ शकते, अशी टीकाही झाली.

वादही त्यांना टाळता आले नाहीत. २०२१ च्या लायन्स मालिकेत पंचांच्या निर्णयांवर टीका करणारी ६२ मिनिटांची चित्रफीत प्रसृत झाल्यावर त्यांना दोन महिन्यांची पूर्ण बंदी झाली. त्यानंतर सप्टेंबर २०२२ अखेरपर्यंत सामन्याच्या दिवशी संघासोबत काम करण्यासही त्यांना मनाई होती.

फ्रान्समधील २०२३ च्या विश्वचषकात मुख्य प्रशिक्षकपद त्यांचे जुने सहकारी जाक नीनाबर यांच्याकडे, तर संचालकपद इरॅस्मस यांच्याकडे होते. उपांत्यपूर्व, उपांत्य व अंतिम हे तिन्ही सामने दक्षिण आफ्रिकेने अवघ्या एकेका गुणाने जिंकले. २०२४ मध्ये ते पुन्हा मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्या व पुढील वर्षी ‘रग्बी चॅम्पियनशिप’चे विजेतेपद संघाकडे आले. सलग तीन विश्वचषक आजवर कोणत्याही देशाला जिंकता आलेले नाहीत. ऑस्ट्रेलियात २०२७ मध्ये होणाऱ्या स्पर्धेत इरॅस्मस यांच्यापुढे आव्हान असेल ते हेच.