स्वतंत्र ई-मेल सर्व्हर आणि प्रेषक-प्रमाणीकरण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

संस्थेने स्वतःचा ई-मेल सर्व्हर चालविणे ही एकेकाळी सर्वसाधारण पद्धत होती. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेटवर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे संदेश पाठविला. तेव्हापासून ई-मेल हा स्वतंत्र संगणकांमधील समान पातळीवरचा व्यवहार राहिला. आज मात्र असा सर्व्हर उभारणाऱ्यास आपली ओळख प्रथम सिद्ध करावी लागते. हे स्थित्यंतर कसे घडले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विश्वासावर आधारलेली रचना :

ऑगस्ट १९८२ मध्ये जोनाथन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ द्वारे एसएमटीपी हा नियमसंच मांडला. पाठविणारा सर्व्हर प्रेषकाचा जो पत्ता सांगेल, तो त्यात ग्राह्य मानला जाई. पाकिटावर कोणाचेही नाव लिहावे आणि टपालखात्याने ते तसेच पोचवावे, असाच हा प्रकार होता. त्या काळी जाळे प्रामुख्याने विद्यापीठे व संशोधनसंस्थांपुरते मर्यादित असल्याने ही उणीव फारशी जाणवली नाही. भारतातही १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी अशा संस्थाच सहभागी होत्या.

विश्वासाला तडा :

मे १९७८ मध्येच एका संगणक कंपनीच्या विक्री प्रतिनिधीने अर्पानेटवरील शेकडो जणांना जाहिरात पाठविली होती. १९९० च्या दशकात इंटरनेट व्यापारासाठी खुले झाल्यावर हा अपवाद नित्याचा झाला. कोणाचीही पत्रे पुढे पाठविणारे ‘ओपन रिले’ सर्व्हर, म्हणजे पूर्वीचा शेजारधर्म, आता गैरवापराचे साधन ठरले. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांच्या पुढाकाराने उपद्रवी आयपी पत्त्यांची काळी यादी तयार झाली. परंतु यादीमुळे उपद्रवी सर्व्हर ओळखता येई. पत्रावरील नाव खरे की खोटे, हा प्रश्न तसाच राहिला.

प्रमाणीकरणाचे तीन टप्पे :

१) एसपीएफ : डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात, याची यादी डीएनएसमध्ये जाहीर केली जाते. मेंग वेंग वाँग यांनी पुरस्कारलेली ही पद्धत एप्रिल २००६ मध्ये आरएफसी ४४०८ म्हणून प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी २००४ मध्ये या विषयावर एकमत घडविण्यासाठी नेमलेला आयईटीएफचा कार्यगट, मायक्रोसॉफ्टच्या पेटंटविषयक वादानंतर बरखास्त झाला होता. पत्र मधल्या सर्व्हरने पुढे पाठविल्यास ही तपासणी फसते, ही तिची मर्यादा होय.

२) डीकेआयएम : याहू व सिस्को यांच्या प्रस्तावांच्या एकत्रीकरणातून ही पद्धत मे २००७ मध्ये सिद्ध झाली. सर्व्हर खाजगी किल्लीने पत्रावर डिजिटल स्वाक्षरी करतो व प्राप्तकर्ता डीएनएसमधील सार्वजनिक किल्लीने ती पडताळतो.

३) डीमार्क : वरील दोन्ही तपासण्या वाचकाला दिसणाऱ्या प्रेषक-पत्त्याशी जोडण्याचे कार्य २०१२ मध्ये जाहीर झालेल्या व २०१५ मध्ये आरएफसी ७४८९ रूपाने आलेल्या या पद्धतीने केले. तपासणीत अनुत्तीर्ण पत्र स्वीकारावे, संशयित ठरवावे की नाकारावे, याविषयी डोमेनधारक आपली इच्छा कळवितो व त्यास अहवालही मिळतात. म्हणूनच प्रारंभी केवळ निरीक्षण करून, अहवाल अभ्यासून, मग धोरण कठोर करणे इष्ट ठरते.

निष्कर्ष :

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना तिन्ही पद्धती अनिवार्य केल्या. लहान प्रेषकांनाही एसपीएफ वा डीकेआयएम यांपैकी एक आणि आयपी पत्त्याची उलट डीएनएस नोंद आवश्यक ठरली. हे तिन्ही नियमसंच खुले असून त्यांसाठी कोणाची परवानगी लागत नाही, ही लहान संस्थांच्या दृष्टीने जमेची बाजू आहे. तथापि प्रमाणीकरणाने प्रेषकाची ओळख पटते, सचोटी नव्हे. उपद्रवी प्रेषकही आपल्या डोमेनवर वैध स्वाक्षरी करू शकतो. त्यामुळे आयपी पत्त्याची पत पाहून अंतिम निर्णय मोजक्या मोठ्या सेवादात्यांकडेच राहतो. सर्व्हर संस्थेचा असला, तरी पत्र पोचण्याची हमी संस्थेच्या हाती उरलेली नाही, हे या इतिहासातून स्पष्ट होते.