बुखारा ते ओश : एक दस्तरखान, तीन देश

उर्दू शायरीच्या कृपेने समरकंद आणि बुखारा ही नावे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहेत. ज्याने हाफिजचा एक शेरही वाचलेला नाही, त्यालाही ही जोडी ठाऊक असते. पण ही शहरे आज कोणत्या देशात आहेत, तिथे कोणती भाषा बोलतात, लोक काय खातात, असे विचारले तर वर्गातल्या मुलांप्रमाणे मोठी माणसेही गप्प होतात. म्हणून या लेखात आपण एका रस्त्याने जाऊ. बुखाऱ्यातून निघून समरकंद, पंजकंद, खुजंद, अंदिजान असे करीत ओशपर्यंत. आज या रस्त्यावर उझबेकिस्तान, ताजिकिस्तान आणि किरगिझस्तान असे तीन शेजारी देश लागतात. शंभर वर्षांपूर्वी मात्र यांपैकी एकाही नावाचा देश नकाशावर नव्हता.

बुखाऱ्यात शिरताच नजरेत भरतो तो कल्याण मिनार. इ.स. ११२७ मध्ये कराखानी सुलतान अर्सलान खान याने तो पक्क्या विटांनी उभारला. १२२० मध्ये चंगेज खानाच्या फौजांनी शहर जाळले. मिनार मात्र राहिला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी इब्न बतूता इथे आला, तेव्हाही त्याला शहराचा मोठा भाग उद्ध्वस्तच दिसला. मिनारासमोर सोळाव्या शतकातला मीर-ए-अरब मदरसा आहे. सोव्हिएत राजवटीत जवळजवळ सगळे मदरसे बंद असताना दुसऱ्या महायुद्धानंतर तो पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळाली. इमाम बुखारी याच शहरात ८१० मध्ये जन्मले, इब्न सीना जवळच्या अफशाना गावात ९८० मध्ये जन्मला, आणि ख्वाजा बहाउद्दीन नक्शबंद यांचा मजार शहरालगतच आहे.

बुखाऱ्याची आणखी एक ओळख म्हणजे हौद. आपण मराठीत जो ‘हौद’ म्हणतो, तोच हा शब्द. सतराव्या शतकातला लब-ए-हौज आजही तुतीच्या जुन्या झाडांखाली आहे आणि त्याच्या काठी गाढवावर बसलेल्या मुल्ला नसरुद्दीनचा पुतळा आहे. एके काळी गल्लोगल्ली असे हौद होते. त्या पाण्यातून नारूसारखे रोग पसरत, म्हणून सोव्हिएत काळात बहुतेक हौद कोरडे करण्यात आले.

समरकंदच्या वाटेवर पहिले मोठे गाव लागते ते गिजदुवान. मातीच्या रंगीत भांड्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. आपल्या दृष्टीने मात्र या गावाचे महत्त्व वेगळेच आहे. औरंगाबादची (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. तिथे ज्यांची मजार आहे ते बाबा शाह मुसाफिर मूळचे याच गिजदुवानचे. त्यांचे पीर बाबा शाह पलंगपोश हेही तिथलेच. औरंगजेबाच्या काळात दख्खनमध्ये आलेल्या तुराणी सैनिकांना आणि फकिरांना या नक्शबंदी तकियाचा आधार होता. बुखाऱ्याकडचा मुसाफिर खाम नदीच्या काठी येऊन थांबतो, ही गोष्ट त्या काळात कुणाला अचंब्याची वाटत नव्हती.

पुढे रस्त्याच्या कडेला रबात-ए-मलिक या अकराव्या शतकातील सरायचा भव्य दरवाजा उभा आहे आणि समोर पाणी साठवणारा घुमटाकार सरदोबा. काफिल्यांना मुक्काम आणि पाणी देणारी ही व्यवस्था होती.

समरकंदला रेगिस्तान नावाच्या चौकात तीन बाजूंना तीन मदरसे आहेत. सर्वांत जुना मिर्झा उलुगबेगचा, १४१७ ते १४२० या काळात बांधलेला. हा तैमूरचा नातू राजा असूनही शिक्षक होता. त्याने शहराबाहेर टेकडीवर वेधशाळा बांधली, एक हजार अठरा ताऱ्यांची सारणी तयार करवली, आणि १४४९ मध्ये स्वतःच्या मुलाच्या चिथावणीने मारला गेला. वेधशाळाही नामशेष झाली. तिचे अवशेष १९०८ मध्ये खोदकामात सापडले. पण त्याची सारणी जगभर फिरली. जयपूरच्या सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात आपल्या ज्योतिषग्रंथासाठी तिचाच आधार घेतला.

आता जेवणाची वेळ झाली. समरकंदची नान जाड, चकाकणारी आणि वजनदार असते. मधोमध ठसा उमटवलेला असतो. ती उलटी ठेवणे बेअदबी समजतात. घरातला मुलगा दूर निघाला, तर नानचा एक घास त्याला खायला लावून उरलेली नान तो परत येईपर्यंत जपून ठेवण्याचा रिवाज आहे. हिरवा चहा पियाल्यात थोडाथोडाच ओततात. पियाला काठोकाठ भरला तर पाहुण्याने आता उठावे असा त्याचा अर्थ होतो.

आणि पलाव. मोठ्या कढईत, जिला तिथे ‘कझान’ म्हणतात, तेल तापवून कांदा, गोश्त, मग गाजराचे लांब काप, जिरे, पाणी आणि वर तांदूळ. गाजराला तिथे ‘सब्जी’ म्हणतात, कांद्याला ‘पियोज’, गोश्ताला ‘गोश्त’. समरकंदमध्ये हे थर न मोडता वाढतात, फरगाना खोऱ्यात सगळे एकत्र कालवतात. लग्नाच्या दिवशी फजरच्या नमाजनंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांना पलावची दावत देण्याची चाल आहे.

हा पलाव कुणाचा? प्रश्न गमतीचा वाटेल, पण २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत पलाव दोनदा नोंदला गेला. एकदा उझबेकिस्तानच्या नावाने, एकदा ताजिकिस्तानच्या नावाने. पदार्थ एक, अर्ज दोन. त्यात आणखी भर अशी की, या भागात पलावासाठी नावाजलेला लालसर देवझिरा तांदूळ उझगेनचा, आणि उझगेन आहे किरगिझस्तानात. म्हणजे एका कढईत तीन देश शिजतात आणि नोंदवहीत मात्र वेगळे बसतात.

हे वेगळेपण कुठून आले, हे समजायला १९२४ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी सोव्हिएत सरकारने मध्य आशियाची ‘राष्ट्रीय’ विभागणी केली. उझबेक प्रजासत्ताक निर्माण झाले, ताजिकांना त्याच्या पोटात स्वायत्त प्रदेश मिळाला आणि १९२९ मध्ये ताजिकिस्तान वेगळे झाले. खुजंद तिकडे गेले. ताजिकी बोलणारी समरकंद आणि बुखारा ही शहरे उझबेकिस्तानात राहिली. अडचण अशी होती की, इथली माणसे घरात फारसीची बहीण असलेली ताजिकी आणि बाजारात तुर्की वळणाची उझबेकी सहज बोलत. दोन भाषा म्हणजे दोन माणसे, असे त्यांना कधी वाटले नव्हते. आता जनगणनेच्या कागदावर एकाच रकान्यात खूण करायची होती.

या काळातली दोन नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. सदरुद्दीन ऐनी हे १८७८ मध्ये गिजदुवानच्याच परिसरात जन्मले, मीर-ए-अरब मदरशात शिकले, नव्या पद्धतीच्या शाळांसाठी त्यांनी पाठ्यपुस्तक लिहिले. १९१७ मध्ये बुखाऱ्याच्या अमीराने त्यांना पंचाहत्तर फटक्यांची सजा दिली. अब्दुर्रऊफ फितरत हेही बुखाऱ्याचे, तेही सुधारणावादी. दोघेही फारसी आणि तुर्की दोन्हींत लिहू शकत होते. फितरत यांनी उझबेकी भाषेची बाजू घेतली. ऐनी आधुनिक ताजिक साहित्याचे जनक ठरले, आणि तरीही आयुष्याचा मोठा भाग समरकंदमध्येच राहिले. एकाच शहराचे हे दोन पुत्र दोन राष्ट्रांच्या पाठ्यपुस्तकांत गेले. फितरत यांना ऑक्टोबर १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली. त्यांच्यासोबत कादिरी आणि चोलपान हे उझबेकी लेखकही गेले.

सीमेपेक्षाही खोल घाव लिपीने केला, असे उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला वाटते. १९२० च्या दशकाअखेरीस अरबी लिपी काढून लॅटिन आणली, १९४० च्या सुमारास लॅटिन काढून रशियन अक्षरे आणली. १९९३ मध्ये उझबेकिस्तानने पुन्हा लॅटिन स्वीकारली. ताजिक आणि किरगिझ आजही रशियन अक्षरांतच लिहितात. जुन्या लिपीतले पुस्तक घरात सापडणे १९३० च्या दशकात धोक्याचे होते. लोकांनी किताबे भिंतींत चिणून ठेवली. आजोबांचे पत्र नातवाला वाचता येईना.

समरकंदहून पंजकंद साधारण साठ किलोमीटर. जरअफशान नदीच्या काठाने जाणारा हा रस्ता २०१० मध्ये सीमेवर बंद झाला आणि मार्च २०१८ मध्ये उघडला. ही आठ वर्षे तासाभराच्या अंतरावरच्या नातलगांकडे जायला शेकडो किलोमीटरचा वळसा पडत होता. पंजकंदला इस्लामपूर्व सोग्दी शहराचे अवशेष आहेत, जवळच्या पंजरूद गावी फारसीचा आद्य महाकवी रूदकी याची कबर आहे. इथे ताटात येते ते कुरूतोब : वाळवलेल्या दह्याचे गोळे पाण्यात विरघळवून त्यात कुस्करलेली पदर सुटणारी रोटी आणि वर कांदा.

तिथून खुजंद आणि मग फरगाना खोरे. अंदिजानला १४८३ मध्ये बाबर जन्मला. ओशच्या सुलेमान डोंगरावर तरुणपणी त्याने एक छोटी खोली बांधली होती. हिंदुस्थानचा बादशहा झाल्यावरही आपल्याकडचे खरबूज आणि चांगली नान इथे मिळत नाही, ही त्याची तक्रार बाबरनाम्यात आहे. ओशच्या बाजारात उझबेकी सामोसा तंदूरमध्ये भाजला जातो आणि शेजारी किरगिझ बाई घोडीच्या दुधाचा कुमिस विकते. याच ओशमध्ये जून १९९० आणि जून २०१० मध्ये किरगिझ आणि उझबेक एकमेकांवर तुटून पडले. २०१० मध्ये चारशेहून अधिक माणसे मेली. एकाच तंदूरची रोटी खाल्ल्याने दंगल टळत नाही, हे कटू सत्य इथे मान्य करावे लागते.

तरी चित्र पूर्ण काळे नाही. अंदिजान-ओश रस्त्यावरचा दोस्तुक नाका सप्टेंबर २०१७ मध्ये उघडला. ताजिक आणि किरगिझ सैन्यांत २०२१ आणि २०२२ मध्ये रक्त सांडले, पण मार्च २०२५ मध्ये दोन्ही देशांनी सीमाकरारावर सह्या केल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तिन्ही देशांच्या सीमा जिथे मिळतात त्या बिंदूचा करार खुजंदमध्ये झाला. शशमकाम ही बुखाऱ्याची संगीतपरंपरा तर उझबेक आणि ताजिकांनी मिळूनच युनेस्कोत नोंदवली होती. २०२३ मध्ये जरअफशानच्या या जुन्या व्यापारी मार्गाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तीही ताजिकिस्तान, उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान यांच्या एकत्रित अर्जावर.

आपल्याला या साऱ्याशी काय कर्तव्य? घरात उर्दू किंवा दखनी, शेतात-बाजारात मराठी, असे जगणाऱ्या आपल्या समाजालाही तोच रकाना वारंवार पुढे केला जातो : तुमची भाषा नक्की कोणती? समरकंदच्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी एक उत्तर द्यावे लागले आणि त्याची किंमत नातवंडांनी मोजली. आपल्यावर तशी सक्ती नाही. मुलाला उर्दू लिपीही यावी आणि मराठीत लेखही लिहिता यावा, एवढी मोकळीक आपल्याला आहे. ती वापरली नाही, तर आपल्या घरातली पत्रे न वाचता येण्याचा दोष कोणत्याही सरकारला देता येणार नाही.